दिग्रसच्या पुढच्या लिंबाखाली

आधीच सांगून टाकते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, भानामती असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ तोंडावर हसते, आणि त्यामुळे सासरच्या दोन-तीन लग्नांना मला नीट कोणी बोलावलंही नाही. तरीही हे लिहायला बसलेय... कारण ते मी कोणाकडून ऐकलेलं नाही. भर दुपारी, शुद्धीत असताना, बऱ्याच जणांच्या सोबत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

हे घडलं ते साल आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वाईट होतं. बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारणीनं माणसं. औषध फवारता फवारता मजूर चक्कर येऊन पडायचे, कोणाची नजर जायची, काही तर दवाखान्यातून परत आलेच नाहीत. त्यांच्या घरच्यांसाठी मदत गोळा करायची म्हणून आम्ही काही कुत्रेवाल्यांनी ठरवलं की उमरखेडहून नेरपर्यंत पायी जायचं, कुत्रे घेऊन. ही कल्पना वसंतकाकांची. काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, अजूनही रस्त्यात कोणी दिसलं की 'पुढे सरका' म्हणणारे. त्यांचं म्हणणं, "मानसाईच्या मोर्च्याकडे कोनी पायत नाही मॅडम. कुत्रे घेऊन निंगालो तं आख्खं गाव बाहेर येते." आणि खरंच यायचं. माझा लॅब्रेडॉर बिस्किट आणि काकांचा गावठी राजा यांना बघायला पोरं-बाया जमायच्या, आणि मदतीच्या डब्यात काही ना काही पडायचं.

पुसद झालं, दिग्रस झालं. दिग्रस सोडून दारव्ह्याकडे निघालो त्या दुपारी ही गोष्ट घडली. दोन्ही बाजूंना कापूस, वेचणीचे दिवस, ऊन चांगलंच. रस्त्याला लागून एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुलिंबाचं झाड होतं. तिथे राजा थांबला. मग बिस्किट थांबला. मग सगळेच. कोणी भुंकेना, हुंगेना. झाडाच्या बुडाशी बघत नुसते उभे, आणि शेपट्या हळूहळू हलत होत्या, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलतात तशा.

झाडाखाली काही नव्हतं.

फवारणीचं शेत, औषधाचा एखादा सांडलेला डबा, काही खाल्लं असलं तर? मी बिस्किटचा जबडा उघडून आत बघितलं. तोंड स्वच्छ. साखळी ओढली तर चारही पाय रोवून उभा.

"काहून थांबले वो हे?" मी काकांना विचारलं. इतक्या दिवसांच्या संगतीनं माझ्याही तोंडात त्यांची भाषा बसली होती.

"मले काय मालूम? राजा असा कदीच करत नाही."

तोवर वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस सावरत धुऱ्यावर आल्या. कुत्रे कुठे बघतायत ते दिसल्यावर त्या तिथेच थांबल्या. त्यातली एक पुढे आली, शोभा तिचं नाव. तिशीच्या आतबाहेरची, कपाळ मोकळं.

"इचा मालक गेला ना फवारनीत," मागून एक म्हातारी हळूच म्हणाली. "अठीच जेवाले बसे तो."

शोभानं मला काही विचारलं नाही. स्वतःच बोलायला लागली, बहुतेक कोणाला तरी सांगायचंच होतं तिला. "त्या दिवशी भांडन झालतं आमचं. मी शिदोरी नाही देल्ली. ते तसेच आले, उपाशी. डाक्टर म्हने, रिकाम्या पोटी फवारलं म्हून जास्त चढलं. मंग दहाव्याले कावळाच नाही शिवला, मॅडम. दुपार झाली तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला. सासू म्हनते, माह्या पोराले तू उपाशी धाडलं."

वर्गात शिकवते ते सगळं मला तिथे बिनकामाचं वाटलं. मी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज आनली होती भाकर त्याईच्या नावानं," ती म्हणाली. "बाया हासतीन म्हून काहाडली नाही."

"कोनी नाही हासत वो माय," म्हातारी म्हणाली. "ठेव."

शोभानं कमरेचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, वर जवसाची चटणी. झाडाच्या बुडाशी फडकं पसरून तिनं ती मांडली आणि मागे सरकली.

आता लॅब्रेडॉर ज्यांनी पाळलाय त्यांना सांगायला नको. बिस्किट चपलासुद्धा खातो. समोर उघडी भाकर, अन् त्यानं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही! तो फडक्याच्या पलीकडे बघत होता. मग त्यानं मान पुढे केली आणि हवेतून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, काहीतरी अलगद ओठांनी घेतलं. घरी मी हातानं भरवते तेव्हा घेतो अगदी तसं. आणि चावायला लागला. मग राजा. मग एकेक करून बाकीचे.

"पयला घास कुत्र्याचा," शोभा पुटपुटली. "त्याईचा नेमच होता. मंग ते खायेत."

आणि मग कुत्र्यांच्या माना हलू लागल्या. खाली, वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. भाकरीकडून तोंडाच्या उंचीपर्यंत. जेवणाऱ्या माणसापुढे बसलेला कुत्रा बघतो ना, तसे सगळे एकदम, एका लयीत. वाऱ्याचा पत्ता नव्हता. काका कधीचे खाली बसले होते. बराच वेळ ते चाललं. मग एकेक कुत्रा जागच्या जागी खाली बसला आणि पायांवर तोंड टेकून पडला.

शोभा पुढे झाली. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि वाकून हळूहळू धार धरली, जेवल्यावर हात धुवायला धरतात तशी. धार सरळ मातीत गेली नाही. मधेच अडली, पसरली आणि दोन बाजूंनी ओघळली.

"जेवले," ती म्हणाली. रडली नाही. फडक्यावरची भाकर जशी ठेवली तशीच होती, कड मोडली नव्हती. ती तिथेच मांडी घालून बसली, भाकर तोडली आणि म्हणाली, "आता मी जेवतो." दहाव्यापासून दुपारचं ती जेवलीच नव्हती, असं म्हातारीनं मला नंतर सांगितलं.

घरी आल्यावर ह्यांनी मला बरंच काही समजावलं. ऊन, थकवा, सामूहिक भ्रम. असेलही. पण सामूहिक भ्रम कुत्र्यांना होतो का, हे ह्यांना सांगता आलं नाही, आणि मलाही येत नाही. पाण्याचं तर मी कोणाला बोलतही नाही.

माझी झोप मात्र त्या लिंबाखालच्या प्रकारानं उडत नाही, पुढच्यानं उडते. तिथून पुढे दारव्हा ते नेर कुत्रे आणखी कितीदा तरी थांबले. कधी विहिरीपाशी, कधी बांधावर, कधी नुसत्या कापसाच्या मधोमध बघत, तशाच शेपट्या हलवत. पोचायला उशीर होत होता. आम्ही दर वेळी साखळ्या ओढून त्यांना पुढे नेलं. त्या शेतांमध्ये विचारायला कोणीच नव्हतं, आणि आमच्याजवळ भाकरही नव्हती.