अक्का आणि अडकलेले रिपोर्ट

अक्कांनी घाईने कीबोर्डला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. कुठलीही अडचण घेऊन गेलं, की त्या आधी चष्मा पुसत आणि विचारत, "कोण कोणासाठी थांबलंय?" चेन्नईत नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसातले डेटाबेस त्या सांभाळत. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का.

मी साताऱ्याहून नवा आलेलो. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी तंजावरची. माझी मराठी जुनी आहे, हसू नको." बोलण्याला तमिळचा हेल होता, वाक्याच्या शेवटी तमिळ लाडाचा 'पा' यायचा, 'कोठे', 'बैस' हे शब्द मात्र माझ्या पणजीचे.

एका रुग्णालयाचे तपासणी रिपोर्ट डॉक्टरांच्या फोनवर पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. रिपोर्ट एका टेबलात रांगेने साठत आणि दहा वर्कर, म्हणजे तोच प्रोग्रॅम दहा जागी, ते उचलून पाठवत. एका सकाळी रांग तुंबली. मी दहाचे चाळीस वर्कर केले, तर ती आणखीच रखडली. तेवढ्यात डायलिसिस विभागातल्या सिस्टरचा फोन आला. एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट तासभर डॉक्टरांना मिळाला नव्हता. मी अक्कांकडे धावलो.

"आधी तो रिपोर्ट काढ," अक्का म्हणाल्या. "सिस्टरला वाचून दाखव. फोन तूच कर. आणि चूक तुझी, हेही सांग."

मी सांगितलं. सिस्टरने आकडा दोनदा वदवून घेतला आणि फोन ठेवला. पेशंट ठीक असल्याचं संध्याकाळी कळलं, तोवर मी जेवलो नव्हतो.

मग अक्कांनी लॉकची यादी उघडली. एका वर्करने सर्वांत जुनी नोंद लॉक केली, म्हणजे स्वतःसाठी अडवून ठेवली होती आणि रिपोर्ट पोचेपर्यंत तो ती सोडत नव्हता. बाकीचे एकोणचाळीस त्याच नोंदीसाठी खोळंबले होते.

"दुसऱ्याने धरलेली नोंद वगळ, पुढची घे. घेतल्याची खूण कर, लॉक लगेच सोड. मग पाठवत बैस."

मी तसं लिहिलं आणि चालू करायला निघालो. त्यांनी थांबवलं. "घेतलेला वर्कर मध्येच बंद पडला तर? तो रिपोर्ट कोण पाठवणार, पा?" खूण जुनी झाली की नोंद परत रांगेत यावी, एवढी सोय केल्यावरच त्यांनी मान हलवली. दुपारपर्यंत रांग मोकळी झाली.

दोन वर्षांनी आईच्या आजारपणासाठी नोकरी सोडून त्या तंजावरला गेल्या. एग्मोर स्टेशनवर मी पोचवायला गेलो, तर गाडी हलेपर्यंत खिडकीतून बॅकअपबद्दलच सांगत होत्या.

पुढे एका दुपारी त्यांचा फोन आला.

"अक्का, काही काम होतं?"

"काम नाही. आई गेली, मागल्या महिन्यात. घरी आम्ही दोघीच मराठी बोलत होतो. मुलांना तमिळच येते. तू बोल की. काहीही बोल."

मी टी. नगरच्या बसमध्ये सकाळी माझी चप्पल कशी तुटली, ते सांगायला लागलो. पलीकडून मधूनमधून "होय की" ऐकू येत होतं. मी बोलत राहिलो.