कव्हरकाकांचा कप्पा

कॉमिक हातात घेतल्यावर तुम्ही कधी लेखकाचं नाव वाचलं आहे का? खरं सांगा. आमचे कव्हरकाका अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावात प्रत्येक मराठी घरात हे विचारत.

पुण्याहून आलेले हे इंजिनिअर प्रत्येक कॉमिकला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालत आणि लेबलवर फक्त लेखकाचं नाव लिहीत. "दुकानवाले हीरोच्या नावानं लावतात, मी लिहिणाऱ्याच्या." असं लावता लावताच त्यांना शोध लागला होता, की हीरो अमेरिकेचा, शहर अमेरिकेचं, पण आपले आवडते लेखक बहुतेक ब्रिटिश!

मी तेव्हा कॉलेजात होते, चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. भडकलेच. "काका, दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर. त्यांचं कसलं कौतुक?"

"राज्य गमावलेल्या देशातली पोरं आहेत ती," काका म्हणाले. "ताकदीला भुलत नाहीत. सरळ हीरोलाच विचारतात, बाबा रे, तुला नेमलं कोणी?"

टीव्हीवर इराकचं युद्ध चालू होतं. मी त्यांच्याकडून एक कॉमिक वाचायला मागून घेतलं.

मराठी मंडळाच्या वाचनालयात काकांनी मुलांसाठी कॉमिक्सचा कप्पा भरला, आणि खाकी कव्हरांनीच घात केला. मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, झाकावं लागतं म्हणजे आत भलतंसलतं असणारच!"

"वहिनी, आमच्या आईनं गणितालाही कव्हर घातलं होतं."

तरी कप्पा रिकामा करायचा ठराव सभेपुढे आलाच.

काकांनी भाषण केलं नाही. एक कॉमिक उघडलं आणि थेट मराठीत वाचायला लागले. संकटातून सुटलेल्या शहरात हीरो उभा आहे. एक म्हातारी त्याला म्हणते, "आज वाचवलंस रे. पण उद्या तूच बिघडलास, तर आम्ही कुणाकडे जायचं?"

काकांनी पुस्तक मिटलं.

"व्हॉट हॅपन्स नेक्स्ट, काका?" मागून एक मुलगी ओरडली.

"मराठीत विचार."

"पुढे काय होतं?" आता सगळीच मुलं ओरडत होती. एरवी त्यांच्याकडून एक मराठी वाक्य काढताना आयांना घाम फुटायचा!

"अहो, सांगा ना आता!" काकूंनाही राहवेना. हॉल हसला. ठराव पडला, आणि त्याच्या विरोधात पहिला हात काकूंचा होता. मी टेबल वाजवून वाजवून तळहात लाल करून घेतले.

२००८ मध्ये काका नोकरीसाठी दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला गेले. कप्पा इथेच ठेवून गेले. आज तो एका कपाटात मावत नाही.

तुमच्या मंडळात कुणी पुस्तकं काढून टाकायला निघालं, तर एवढंच करा: मत देण्याआधी त्यातलं एक पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावा. आणि त्या सभेला मुलांना नक्की घेऊन जा.