जित्याला एक बांबू

२०२३ साल, मी सत्तरीचा. शिकलो दुसरीपर्यंत, पण ऐकून कुणाचं घेतलं नाही. डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथल्या शाळेत एक गुरुजी होते. काहीही अडलं की ते शर्टाच्या बाह्या वर सारायचे आणि म्हणायचे, "करून बघू की!"

पन्नाशीचा माणूस, खाकी हाफचड्डी, गळ्यात स्कार्फ, गुडघे लाकडाच्या गाठीसारखे. तुम्हीही हसला असता. पोरापोरींचं स्काउटचं पथक त्यांनी काढलं होतं. तंबू पोरांनीच उभारायचा, चूल पोरांनीच पेटवायची, जखम बांधायला शिकायचं. भात करपला तर करपलेलाच सगळ्यांनी खायचा, पहिला घास गुरुजींचा. मी बांधावरून ओरडायचो, "गुरुजी, चड्डी वाढवा, थंडी पडलीय!" ते हसून तीन बोटांचा सलाम ठोकायचे.

माघात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला पाला हवा म्हणून मी ऐनाच्या झाडावर चढलो आणि फांदीसकट खाली आलो. कंबर हलेना. आमच्याकडे गाडी वर येत नाही. आजारी माणसाला एका बांबूला झोळी बांधून खाली नेतात. पण ओरडा ऐकून गुरुजी पथक घेऊन धावत आले आणि पोरांनी दोन बांबूंना घोंगडी बांधून सपाट स्ट्रेचर केलं.

"झोळीत कंबर वाकंल, बाबा. पाय कायमचे जातील," गुरुजी म्हणाले.

मी बोंब मारली, "दोन बांबूवर मढं जातं! जित्याला एक बांबू! जिता माणूस त्याच्यावर निजला तर त्याचा वरीस भरायचा नाय!"

पोरं मागं सरली. गुरुजींनी बाह्या वर सारल्या, "करून बघू की," म्हणाले आणि स्वतःच त्या बांबूंवर आडवे झाले. पोरांनी त्यांना उचलून ऐनाभोवती फिरवलं. निजल्या निजल्या मला म्हणतात, "बाबा, वर वारा गार लागतो हां!" एक पोरगी खुदकन हसली. मग मला चढवलं.

शहापूरचे डॉक्टर म्हणाले, झोळीतून आणला असता तर हा माणूस पुन्हा चालला नसता. पेरणीला मी काठी टेकत शेतावर गेलो. गुरुजी दोनदा भेटून गेले. चहा पाजला, पण गोड शब्द काही तोंडातून निघाला नाही. म्हटलं, सांगू कधीतरी.

त्याच पावसाळ्यात काविळीनं गुरुजी गेले. दहावा मुरबाडकडं, त्यांच्या गावी झाला. तिथून संध्याकाळी परतलो तर पारावर माणसं जमलेली.

"आमचा म्हातारा तवाच बोलला होता," एकजण म्हणाला. "दोन बांबूवर निजला, वरीस भरला नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मानानं पाहिलं. आणि खरं सांगतो, तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. मान ताठ झाली माझी. ज्या माणसानं मला पाय दिले, त्याच्या मरणावर मी मोठा होऊन बसलो होतो.

मागून त्या हसऱ्या पोरीची आई म्हणाली, "नव्या बाई पथक चालवनार म्हनं. आमी नाय बा धाडत. पोरांच्या हातात मढ्याचे बांबू देतात."

"कुनीच धाडू नका," दुसरा म्हणाला.

मी तंबाखू मळत बसलो. घरी जेवण जाईना. सून म्हणाली, "कंबर दुखते काय?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली आणि पाड्याच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. त्या पोरीच्या आईनं दार उघडलं. म्हटलं, "पोरीला धाड गो पथकात. ते वरसाचं मी बोललो होतो. भ्यालो होतो म्हनून बोललो. कावीळ बांबूनं होत नाय." पुढचं घर माझ्या धाकट्या भावाचं. बांधाच्या भांडणापासून त्याच्या अंगणात मी पाय ठेवला नव्हता. त्याचीही दोन नातवंडं पथकात होती. मी कडी वाजवली.