फाटकाचा बारावा गज

माझी आत्या लोखंडाला रंग लावते आणि डूख धरते. दोन्ही कामं ती सारख्याच चिकाटीने करते.

तिने रंगवलेल्या कारखान्याच्या जिन्याच्या कठड्याचा रंग वर्षभरात फुगला, तेव्हा ठेकेदाराने सगळं तिच्यावर ढकललं. "हिने रंगात रॉकेल ओतलं, साहेब," असं मॅनेजरला खुशाल सांगितलं. गंज न खरवडता रंग मारायचा हुकूम खरं तर त्याचाच. मॅनेजरने आत्याचं काम बंद केलं. तीस वर्षांत कमावलेलं नाव एका दुपारी गेलं. ती रडली नाही. तिच्या जागी मी असते तर रंगाचा डबा ठेकेदाराच्या डोक्यात घातला असता.

दोन वर्षांनी त्याच निर्लज्जाने स्वतःच्या घरच्या फाटकाला रंग द्यायला तिलाच बोलावलं.

"खरवडायला दोन दिवस लागतील," आत्या म्हणाली.

"वरूनच मार. परवा पाहुणे यायचेत."

आत्याने मान डोलावली. अकरा गजांवर तिने गंजावरूनच रंग मारला. बारावा, बिजागरीजवळचा, मात्र तारेच्या ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, प्रायमर दिला आणि मग त्याच डब्यातला रंग लावला. पुढे रोज भाजी आणायला जाताना ती मुद्दाम वाट वाकडी करून ते फाटक बघायची. रंगाला पहिला फोड आला त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

वर्षभरात अकराही गज फुगले. एका सकाळी मॅनेजर ठेकेदाराकडे आला होता, आणि आत्या नेमकी तिथून चालली होती.

"बघा साहेब, हाच तो हिचा रंग!" ठेकेदार ओरडला.

आत्याने नखाने एक फोड उचकटला. आतून तपकिरी पापुद्रे गळले.

"साहेब, गंज म्हणजे लोखंडावर बसलेली धूळ नाही. लोखंडच हवा-पाण्याशी मिळून वेगळाच पदार्थ झालंय. लोखंड वितळवलं तरी थंड झाल्यावर लोखंडच राहतं. याचं तसं नाही. कितीही पुसा, गेलेलं लोखंड परत येत नाही. वर हा गंज ओल धरतो, आतलं लोखंड खात सुटतो आणि फुगून रंग उचलतो." तिने बारावा गज दाखवला. तो गुळगुळीत होता. "डबा तोच, हात तोच. एवढाच खरवडला होता. बाकीचे यांनी गंजावरूनच मारायला लावले."

मॅनेजर ठेकेदाराकडे वळला. "कारखान्यातही असंच मारायला लावलंत?"

ठेकेदार घाईची कारणं सांगू लागला. मॅनेजरने आत्याची माफी मागितली आणि उद्यापासून कामावर या म्हणाला.

"ताई, चुकलं माझं," ठेकेदार हळूच म्हणाला. "एवढं फाटक नीट करून द्या." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच ताई झाली होती.

आत्याने पिशवीतून तारेचा ब्रश काढला. वर्षभर तो ती भाजीसोबत वागवत होती.

"घ्या. पांढरं लोखंड दिसलं की हाक मारा."

मग ती त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच खुर्चीत बसली. दुपारी बोटं सोलवटलेल्या ठेकेदाराने हाक मारली. आत्या उठलीसुद्धा नाही.

"अजून," ती म्हणाली.