पिवळा झेंडा हातात असताना

आज माझ्या बहिणीची गाडी माझ्यासमोर उलटली आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. शिव्या घालायच्या आधी ऐका.

रे रोडला गोदामांमागच्या मोकळ्या जागेत आमची हौशी रॅलीक्रॉस शर्यत होती. मातीचा ट्रॅक, एका वेळी चार गाड्या. धाकटी मृणाल पहिल्यांदाच उतरली होती. मी स्वयंसेवक, झेंडेवाला. तिला जवळून बघता यावं म्हणून तिसरं वळण मुद्दाम मागून घेतलं.

नेमकी तिथेच ती उलटली.

सकाळी सगळ्यांना बजावलं होतं: झेंडेवाल्याने जागा सोडायची नाही. गाडी उलटली की 'वेग कमी करा' सांगणारा पिवळा झेंडा हलवायचा आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडेच ठेवायचं. त्याचं लक्ष हटलं, तर त्या गाड्या उलटलेल्या गाडीवरच येतील. बाहेर काढायला दुसरी माणसं असतात.

मी झेंडा हलवत राहिलो. मागून ओरडणं ऐकू आलं, "बेल्ट काप, बेल्ट काप!" उरलेल्या तीन गाड्या एकेक करून माझ्या बाजूने हळू गेल्या. मृणालचा आवाज काही येईना.

तिला फक्त खरचटलंय. टॅक्सीने घरी निघालो. डिलाईल रोड आल्यावर म्हणाली, "दादा, मी उलटी लटकले होते ना, तेव्हा मला समोर तूच दिसत होतास. एकदापण वळला नाहीस रे."

नियम तिलाही माहीत आहे. म्हणूनच तो पुन्हा सांगून भागणार नव्हतं.

तुम्ही काय म्हणाला असतात?