एका ओढीत सुटणारा पट्टा

मलकापुरात माझं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकल, ऑटो, काहीही आणा, मी त्याला बसण्यालायक करून देतो. पोळ्याच्या आधी महिनाभर बैलांचे पट्टे शिवतो. पंचवीस वर्षांत इतकी तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं पाहिली की आता आपल्याला कशाचाच धक्का बसत नाही, असं मी चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगत असे. मोजणीसाहेब आले त्या दुपारपर्यंत.

मोजणीसाहेब म्हणजे जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर सातबाऱ्याची गंभीरता. त्यांनी बांधावर खुंटी ठोकली की सख्खे भाऊसुद्धा कुऱ्हाडी खाली ठेवायचे. बायको वारलेली, मुलगी परदेशात, घरात एकटे. दुकानात दुसरं कोणी नाही याची खात्री करून त्यांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि काउंटरवर पसरली.

आराखडा होता. प्रमाण लिहिलेलं, एक इंचाला चार इंच. एक दृश्य समोरून, एक बाजूने, आणि सवयीने कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा. मला वाटलं, सायकलला लावायची पिशवी असेल. नीट पाहिलं तर मधे माणसाचे दोन हात काढलेले, पाठीमागे वळवून कोपरापासून मनगटापर्यंत पट्ट्यांनी जखडलेले.

कोणी पेशंट आहे का, असं मी विचारलं. नाही, माझ्याचसाठी आहे, असं ते म्हणाले. गट नंबर सांगावा तशा आवाजात त्यांनी पुढचंही सांगितलं. त्यांना बांधून घ्यायला आवडतं. तरुणपणापासून. त्यात शरीराचं सुख आहे हे ते लपवत नाहीत, पण त्याहून जास्त म्हणजे डोकं शांत होतं. बायको होती तोवर तीच बांधायची आणि तीच सोडायची. आता दोन्ही कामं एकट्याला करावी लागतात. बांधणं जमतं. सुटणं अवघड जातं.

माझे कान असे तापले की त्यावर रेक्झिन चिकटलं असतं. तरी तोंडातून प्रश्न निघालाच, आत्तापर्यंत सुटत कसे होता? कुलपाची चावी बर्फात गोठवायची, ती टांगायची, बर्फ वितळला की चावी हातात. ऐकून मी मनात टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी सांगितलं की मागच्या महिन्यात चावी हातात न पडता फरशीवर पडली आणि कपाटाखाली गेली. दुपारी बाराला बसलेले, पायानं चावी ओढून काढून दिवेलागणीला सुटले. दार आतून बंद. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर होती. ती त्यांनी मला दाखवली.

मला नाही म्हणायचं होतं. पण मी नाही म्हटलं असतं तर हा माणूस घरी जाऊन पुन्हा फ्रीजमधे चावी ठेवणार, हे त्या बोटांकडे पाहून कळत होतं. मी आराखडा ठेवून घेतला.

आमचे वडील जनावरं कधी पक्क्या गाठीने बांधत नसत. गोठ्याला आग लागली तर एका ओढीत दावं सुटलं पाहिजे, असा त्यांचा नियम. मी तोच धरला. बक्कल नाही, कुलूप नाही. सगळे पट्टे एका कडीत आणले, कडीत गुळगुळीत लाकडी खिट्टी घातली आणि खिट्टीला दोरी. दोरी ओढली की खिट्टी बाहेर आणि सगळं मोकळं. कबूल करतो, बनवताना मला फार मजा आली. मी शीळ घालत होतो.

वापरून पाहिल्याशिवाय मी काही देत नाही. म्हणून एका दुपारी शटर अर्धं खाली घेतलं, आणि भिंतीला पाठ घासत, नाचत, वाकत मी स्वतःला त्यात अडकवलं. उत्तम बसलं. मग दोरी शोधायला बोटं हलवली. माझ्या नाचण्यात ती एका पट्ट्यावरून पलीकडे गेली होती आणि वीतभर लांब लोंबत होती. मी तिच्यामागे गोल फिरलो. ती माझ्यामागे फिरली. खिशात फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजला. बायकोचा होता. घर दहा मिनिटांवर. फोन उचलला नाही तर ती येणार, हे मला ठाऊक होतं.

ती वाकून शटरखालून आत आली आणि वाकलेलीच राहिली.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"बैलाचा पट्टा हाय. घालून पाहून राह्यलो."

"बैलाले हात असतात का?"

तिची नजर काउंटरवरच्या आराखड्यावर गेली. त्यावर नाव नव्हतं. हे माझं नाही, अमक्याचं आहे, एवढं एक वाक्य बोललो असतो तर मी सुटलो असतो. पण मलकापुरात असं वाक्य संध्याकाळपर्यंत स्टेशनावर पोचतं, आणि ज्याच्या खुंटीला लोक मान देतात त्याला बाजारात तोंड दाखवता आलं नसतं.

"माझं हाय," मी म्हणालो. "मले आवडते."

तिनं माझ्यामागे जाऊन दोरी ओढली. पट्टे खाली पडले. ती आली तशी वाकून निघून गेली.

चार दिवस मला जेवण मिळालं, शब्द मिळाला नाही. पाचव्या दिवशी ती दुकानात आली, कपाटातला पट्टा काढला, मशीनवर बसली आणि डाव्या बाजूने दुसरी दोरी शिवली. दोन्ही टोकांना लाकडाचे मोठे मणी ओवले, बांधून बधिर झालेल्या बोटालाही सापडतील असे. एक दोरी निसटली तं दुसरी पाहिजे, असं ती म्हणाली, ते मला नाही, मशीनला. साहेबांच्या आराखड्यानंही मी इतका हादरलो नव्हतो.

ती मशीनवर असतानाच साहेब पट्टा न्यायला आले. तिला पाहून पांढरे पडले आणि सायकलच्या सीटचा भाव विचारू लागले. बायको उठली. तुम्ही मोठे माणसं, यायले दोन शब्द सांगा, असं म्हणून तिनं माझी सगळी भानगड त्यांच्यापुढे मांडली. मी तिच्या पाठीमागून खुणा करत होतो, हात जोडत होतो, की दोन शब्द मला झाडा आणि जा.

"दार लावून मरून पडतीन एखाद्या दिवशी," ती म्हणाली, "आन् मी बाहेर भांडे घासत राहीन."

साहेबांनी काउंटर धरला. माझ्याकडे पाहून, एकट्यानं असं करू नये, असं ते बोलले आणि तिच्याकडे वळले.

"वहिनी, तो पट्टा माझा हाय. यायनं माझं नाव झाकलं."

बायकोच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ. ती कात्री कोणत्या दिशेला येते याचा मी अंदाज घेत होतो. तिनं ती खाली ठेवली आणि पट्टा उचलला.

"इथंच घालून पाहा. सुटला तं न्या."

शटर तिनंच ओढलं. साहेबांनी खिशातली दोन्ही पेनं माझ्याकडे दिली. तिनं पांढऱ्या शर्टावरून पट्टे चढवले, प्रत्येकाखाली बोट घालून सैल आहे का पाहिलं, आणि उजवीकडचा मणी मुद्दाम स्वतःच्या मुठीत धरून ठेवला. साहेबांची ती दोन आजारी बोटं डाव्या बाजूला चाचपडत राहिली. मणी सापडला. ओढला. पट्टे फरशीवर पडले.

"आणखी एकदा," ती म्हणाली. असं तीनदा झालं. मग तिनं आणखी एक अट घातली. घालायच्या आधी आमच्या घरी फोन करायचा, आणि सुटल्यावर परत.

"फोनवर काय सांगू?" साहेबांनी खाली बघत विचारलं.

"सांगा, मोजणी झाली म्हणून."

पुढच्या रविवारी दुपारी पहिला फोन आला. बायकोनं गॅस बंद केला, घड्याळाकडे पाहिलं आणि फोन मांडीवर घेऊन बसली. दुसरा फोन येईपर्यंत तिनं मला ताट वाढलं नाही, आणि मीही मागितलं नाही.