पावडरचं पोतं

“मॅडमला कशाला विचारायचं? त्या कुठं बोलत्यात?”

बाहेर मुकादम म्हणत होते. मी आत खिडकीपाशी काचेची बरणी धूत उभी होते. खोटं नव्हतं ते. बदनापूरहून रोज बसनं या गावच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर पाणी तपासायच्या नोकरीला यायला लागून बरेच महिने झाले होते, आणि ‘हो’, ‘बरं’, ‘झालं’ यापलीकडे मी फारसं बोलले नव्हते. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालेलं. घरी मराठीच बोलतो, पण कामाचं काही सांगायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागे. ते जुळेपर्यंत समोरचे दुसऱ्याच विषयावर गेलेले असत.

केंद्र लहानच. गावच्या गटारांचं पाणी एका टाकीत येतं. तिथं तळातून हवा सोडतात आणि त्या हवेवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव घाण खातात. हे जीव वाढावेत म्हणून सुरुवातीला टाकीत शेण कालवून घालावं लागलं. ते पंप चालवणाऱ्या काकांनी केलं. स्वतःच्या म्हशींचं शेण बादलीत घालून सायकलवरून आणायचे. टाकीतलं पाणी मी रोज बरणीत भरून ठेवते. टाकी ठीक असली की तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. त्या गाळाला काका डाळ म्हणतात, आणि येता-जाता डोकावतात. “काय मॅडम, डाळ बसली का आज?” मी मान हलवते.

दुसऱ्या दिवशी नाल्याकाठचे मोसंबीवाले पाणी बघायला येणार होते. त्यांना पटलं तर उन्हाळ्यात ते पाणी त्यांच्या बागांना जाणार होतं, नाही तर नाल्यात वाहून जाणार. मुकादमांनी झाडलोट करून घेतली, फाटकापासून चुन्याच्या रेघा मारून घेतल्या आणि वर पाणीपुरवठ्याच्या खोलीतून ब्लीचिंग पावडरचं पोतं आणवलं.

“पाहुणे येणार अन् टाकी वास मारून राह्यली. बरं दिसतं का?” ते काकांना म्हणाले. “सारी जिंदगी गावच्या विहिरीत पावडर टाकली म्या. पावडर पडली की पाणी साफ.”

“पर हे तर गटाराचं हाय.”

“मंग जास्त टाक!”

काका हसले आणि पोत्याची शिवण उसवायला बसले.

विहिरीत पावडर टाकतात ती जीव मारायलाच. आमची टाकी त्या जिवांवरच चालते. पोतं रिकामं झालं असतं तर पाहुण्यांसमोर काळं पाणी आलं असतं, आणि पुन्हा शेणापासून सुरुवात. मी वाक्य जुळवलं. ते इंग्रजीत जुळलं, पूर्ण आणि बिनचूक, पण इथं काही कामाचं नव्हतं. बरणी हातात तशीच घेऊन मी बाहेर आले.

“काय मॅडम, चहा सांगू का?” मुकादम म्हणाले.

काकांनी पोतं उचलून टाकीच्या कठड्यावर टेकवलं होतं.

“काका, थांबा!” आवाज वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. “विहिरीतले जीव मारायचे असतात, टाकीतले न्हाई. तुमच्या शेणावर वाढलेत ते. हे पोतं आत गेलं तर उद्या डाळ बसणार न्हाई.”